जुळलं की काढायचं

"हे बघा, तुमच्यासमोर काढतो," असं म्हणत मुरूमच्या वीरप्पांनी फोन महांतप्पांच्या नाकापाशी धरला, ॲपच्या चित्रावर अंगठा दाबून ठेवला आणि ते काढून टाकलं. धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं. पेढे, नारळ आणि टॉवेल-टोपी त्यांनी सतरंजीवर मांडली आणि टोपी महांतप्पांच्या डोक्यावर चढवून हात जोडले.

उमरग्यापासून सीमेपलीकडच्या आळंदपर्यंत लिंगायत घरांतल्या सोयरिकी जुळवण्यात महांतप्पांची उभी हयात गेली होती. कुणाची जमीन किती, कुणाची सून सासूला उलटून बोलते, कुणाच्या मुलाला पानाची सवय आणि कुणाच्या मुलाला त्याहून वाईट, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. गावातच दिलेल्या त्यांच्या लेकीने, महेश्वरीने, गेल्या वर्षी ते डोकं एका ॲपमध्ये उतरवलं, सवयी तेवढ्या वगळून, आणि त्याला नाव दिलं 'महांतप्पा मध्यस्थ'. लोकांनी ते आनंदाने घेतलं आणि वर आपलाच एक रिवाज काढला. लग्न ठरलं की मध्यस्थाच्या घरी जायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत ॲप काढायचं. ठरलेल्या मुलीच्या फोनात स्थळं राहणं बरं दिसत नाही ना! महांतप्पांना तर हा मान टोपीपेक्षा मोठा वाटायचा.

वीरप्पा गेले तशी महेश्वरी कपबशा उचलत म्हणाली, "अप्पा, अजून एक गेला."

"गेला कुठं? जुळलं की."

"तुमच्या लेखी जुळलं. त्या ॲपच्या स्टोअरला काय कळतंय? त्याला एवढंच दिसतं, की माणसानं ॲप घेतलं आन् महिन्यात काढून टाकलं. कोण किती दिवस ठेवतंय, किती वेळा उघडतंय, चांदण्या किती देतंय, ते बघून ठरवतात कुणाला वर दाखवायचं."

"आन् ते दुसरं लग्नाचं ॲप, हसऱ्या नवरा-नवरीच्या चित्राचं? ते कसं वर ऱ्हातंय?"

"ते लोकं वर्षानुवर्षं ठेवतात."

"वर्षानुवर्षं जुळत न्हाय, म्हणून वर हाय व्हय?"

महेश्वरीला हसू आवरेना, पण तिने मुद्दा सोडला नाही. स्टोअरवाल्यांचा मेल आला होता. मराठी ॲपचा आठवडा साजरा करायचा होता, निवडक ॲप पहिल्या पानावर लागणार होती, आणि विचारात असलेल्या नावांमध्ये 'महांतप्पा मध्यस्थ'ही होतं. "महिनाभर लोकांना सांगा, काढू नका म्हणून. तेवढ्यानं बी फरक पडंल."

महांतप्पांनी डोक्यावरची नवी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या बैठकीत येणारी माणसं अलीकडे रोडावली होती. ज्यांच्या आईबापांची लग्नं त्यांनी जुळवली, तीच मुलं आता त्या हसऱ्या जोडप्याकडे जात होती. आपल्याला कुणी विचारेनासं होईल, या धास्तीने म्हाताऱ्याच्या जेवणाची चव गेली होती. पहिल्या पानावर लागलो, तर लातूर-सोलापूरहून लोक आपल्याला शोधत येतील, असं त्यांच्या मनाने घेतलं.

पुढच्याच आठवड्यात शरणप्पा आपल्या लेकीचं, श्रीदेवीचं, लग्न ठरल्याचे पेढे घेऊन आले आणि ॲप काढायला त्यांनी फोन पुढे केला. महांतप्पांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या की. पोरीच्या फोनातबी राहू द्या. महिनाभरानं काढू."

व्हायचं तेच झालं. बस्त्यासाठी दोन्हीकडची मंडळी उमरग्याच्या कापडदुकानात जमली होती. साडीचा फोटो दाखवायला श्रीदेवीने फोन पुढे केला आणि नवऱ्या मुलाच्या आत्याने, आळंदच्या उमाबाईंनी, त्यात ते ॲप पाहिलं.

"पोरगी अजून स्थळं बघायलीय व्हय?"

शालू उलगडलेले तसेच राहिले आणि मुलाकडची माणसं उठून जीपमध्ये जाऊन बसली.

शरणप्पांचा फोन आला तेव्हा महांतप्पा जेवत होते. भरल्या ताटावरून उठून, हात धुऊन ते तडक दुकानावर आले आणि जीपचं दार धरून उभे राहिले.

"उमाबाई, पोरीचा दोष न्हाय. म्या सांगितलं तिला ठिव म्हणून."

"तुमी? मध्यस्थ असून?"

"लोकांनी काढलं की ते ॲप खाली जातंय. माझं वर दिसावं म्हणून केलं. हाव सुटली मला, दुसरं काय?"

उमाबाईंनी त्यांच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं. "ह्या वयात लई घाई झालीय व्हय वर जायची?"

दुकानाच्या दारातला नोकर फिस्सकन हसला. मग शरणप्पा हसले, आणि शेवटी बाईही हसल्या. महांतप्पांनी श्रीदेवीचा फोन मागून घेतला आणि भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, आपल्या हाताने ॲप काढलं. बस्ता झाला.

घरी आल्यावर ते महेश्वरीला म्हणाले, "त्यात एक बटण घाल, माय. जुळलं म्हणून दाबलं, की त्यानंच सांगाया पायजे, आता मला काढा आन् सुखानं ऱ्हावा."

"अप्पा, 'मला काढा' म्हणणारं ॲप कोण पहिल्या पानावर लावंल?"

"नगं लावू दे."

बटण झालं. मराठीचा आठवडाही आला. महांतप्पांनी चष्मा लावून पहिलं पान शेवटपर्यंत पाहिलं. स्वयंपाकाचं होतं, पाढ्यांचं होतं, ते हसरं जोडपंही होतं. "चांगली हायेत की सगळी," एवढंच ते म्हणाले. पण त्यांना लागलं होतं, फार लागलं होतं. त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धी तशीच ठेवली आणि महेश्वरीने ती उचलली.

श्रीदेवीच्या लग्नात अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि गर्दीतून वाट काढत उमाबाई फोन घेऊन महांतप्पांपाशी आल्या.

"माझ्या पोरासाठी ते तुमचं ॲप टाकून द्या ह्यात."

"ते दुसरं घ्या की. वरचं."

"जावंच्या पोराच्या फोनात तेच पडलंय कवाचं, आन् पोरगं तसंच. तुमचं फोनात टिकत न्हाय म्हणं."

महांतप्पांनी चष्मा पुसला आणि स्टोअर उघडलं. पहिल्यांदा ते हसरं जोडपं आलं. मग दुसरं आलं, मग अंगठ्या, मग हारतुरे. उमाबाई पदर सावरत वाकून बघत होत्या.

"दिसंना की वो."

"हाय. खाली हाय," महांतप्पा म्हणाले, आणि एकेक हसरं जोडपं अंगठ्याने सावकाश वर सारत राहिले.