अठ्ठ्याऐंशीव्या पानाचा कोपरा

"परत एकतीस!" मुदतकाकांनी नुकतंच परत आलेलं पुस्तक टेबलावर आपटलं. एकतिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता; त्यापुढची पानं कोरी करकरीत.

शेजारी नोंदी करणाऱ्या बाई हसल्या. "तुमच्या कादंबरीतला तो मामा बोलायला लागला की पोरं पळतात. अडीच पानं बोलतो हो तो!"

मुदतकाका वाचनालयात कारकून होते. पुस्तकाची मुदत उलटली की मुलांना दारातच गाठायचे, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी एक कादंबरी लिहिली होती. ती परत आली की ते आधी कोपरे बघत. इतरांची पुस्तकं कुठे दुमडतात तेही वर्षानुवर्षं वहीत टिपून ठेवलेलं. मोठ्या माणसाने तोंड उघडलं की कोपरा दुमडलाच, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण स्वतः लिहायला बसले की त्यांच्यातला मामा काही केल्या गप्प बसत नसे.

घरीही तीच तऱ्हा. मुलगी गणितात नापास झाली तेव्हा ते पाऊण तास बोलले, तेही तिच्या मैत्रिणीसमोर. त्याला चार महिने झाले. तेव्हापासून मुलगी 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढ्यावर भागवत होती. आपली एकुलती एक लेक आपल्याशी बोलत नाही, हे काकांच्या जिव्हारी लागलं होतं.

दुसरी कादंबरी पुरी झाली तेव्हा त्यांनी सुटे कागद तिच्यापुढे ठेवले. "वाचवेनासं होईल तिथे कोपरा दुमड. बाकी काही बोलली नाहीस तरी चालेल."

"बरं," ती म्हणाली. चार महिन्यांत हा शब्द नवा होता.

रविवारी दुपारी ती कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. अठ्ठ्याऐंशीव्या पानाचा कोपरा दुमडलेला. काकांचा चेहरा पडला. नायिका शर्यतीत हरते, वडील तिला चारचौघांत बोलतात आणि या पानावर तिच्या खोलीत येऊन माफी मागतात. सहा वेळा लिहून काढलेलं, त्यांच्या मते पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान.

"इथे कंटाळा आला?"

"कंटाळा नाही, राग आला. इतका वेळ ती मुलगी बोलत होती. इथे एकदम तूच आलास. कुणासाठी लिहिलंस हे?"

"वाचकांसाठी."

"बाबा, काहीतरीच सांगू नकोस. माझी माफी मागायची तर माझ्याकडे माग ना. छापून कशाला?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पानभर लिहिलेल्या वाक्यांपैकी एक आठवेल तर शपथ.

"त्या दिवशी मी... तुझ्या मैत्रिणीसमोर इतकं बोलायला नको होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

मुलगी नळाकडे बघत राहिली. "पाऊण तास," ती म्हणाली. "मी घड्याळ बघत होते."

"हो."

"पुढचं वाचते. ते पान तेवढं काढ. तिच्या बाबाला नुसतं दारात उभं राहू दे."

त्यांनी पान काढलं. फाडायला मन होईना, म्हणून चार घड्या घालून खिशात ठेवलं. सत्त्याऐंशीच्या शेवटी बाबा दारापर्यंत आलेलाच होता; त्याला एकोणनव्वद इतकं बेमालूम जुळलं की त्यांना जरा वाईटच वाटलं.

मुलगी कागद घेऊन खोलीत गेली. दार तिने लोटलं नाही. थोड्या वेळाने काका तिथवर आले. कसं वाटतंय, कुठवर आलीस, शेवट पटतोय का, सगळे प्रश्न जिभेवर आले होते. ते दारात उभे राहिले.

आत एक पान उलटलं. मग आणखी एक.