जावई टेबलावर

आमच्या जावयांना पाय आवरत नाहीत. कुणाला जिभेची खोड असते, ह्यांना पायांची. घरात शिरले की धाडधाड दोनदा जमिनीवर पाय आपटायचे, मग भिंगरी वळून बघणार. भिंगरी म्हणजे माझी नात, दोन वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही, पण जमीन हादरली की पोरीला तळव्यातून कळतं. बापाची हाक ती एवढीच. खालच्या मजल्यावरचे शेजारी काठीनं छत ठोकतात, त्याचं ह्यांना काही नाही.

कानाच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. कानाच्या आत शंख असतो, अडीच वेढ्यांचा. हिचा दीडातच आटोपलाय.

"काम अर्धवट सोडायची रीत तुमच्याकडची," मी जावयांना तिथल्या तिथे सुनावलं.

ऑपरेशन झालं, शंखात तार बसली. "पण ऐकू येईल का, आणि किती, ते यंत्र सुरू केल्यावरच कळेल," असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून महिनाभर मी कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत होते.

यंत्र सुरू करायची खोली म्हणजे पेटीच. भिंतींना गादीसारखं अस्तर, खाली पोकळ फळ्या. भिंगरी खाली बसून ठोकळे रचत होती. यंत्रवाल्या बाईनं तिच्या कानामागं चकती चिकटवली आणि संगणकाकडे वळली. जावयांना कुठला दम? धाडधाड!

भिंगरी गर्रकन वळली.

"ऐकलं! ऐकलं हिनं!" जावई नाचायलाच लागले. माझी लेक हुंदके देऊ लागली. आणि मी, खोटं कशाला बोलू, त्या बाईचा गालगुच्चा घेऊन मुकाच घेतला.

"आजी," बाई गाल पुसत म्हणाली, "यंत्र अजून चालूच केलं नाहीये मी."

मग तिनं जावयांना टेबलावर बसवलं, मांडी घालून. पाय खाली लागला की बाहेर! सहा फुटांचा माणूस, डोकं दिव्याला टेकलेलं. भिंगरी आईच्या मांडीवर, बापाला आणि बाईला पाठमोरी; मी शेजारीच.

बाईनं बटण दाबलं. काही नाही. आवाज वाढवला. काही नाही. लेकीनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. पुन्हा वाढवला.

भिंगरीचा ठोकळा तोंडाशीच थांबला. डोळे बटाट्याएवढे. हात कानाकडे गेला. बाईनं आणखी दोनदा तोच आवाज दिला, दोन्ही वेळा तसंच.

"हे खरं," बाई हसली. "आता बाबा, तुम्ही हाक मारा. तोंडानं."

जावयांनी आ केला. आवाजच फुटेना! दोन वर्षांत पोरीला तोंडानं हाक मारली होती कुणी? शेवटी शेळीच्या करडासारखं बारीक निघालं, "भिं... भिंगरे."

भिंगरीनं भोकाड पसरलं. बाई म्हणाली, "रडू द्या, नवा आवाज ऐकला की घाबरतात मुलं." तेवढ्यात पोर स्वतःच्या रडण्यालाच दचकून गप्प झाली. विचार केला. मग खात्री करायला मुद्दाम ओरडली, "आ!" थांबली. पुन्हा "आ!" आणि खुदकन हसली. आम्ही तिघी हसून हसून लोळायच्या बाकी. टेबलावरचे मात्र ढसाढसा रडत होते.

मी रुमाल दिला आणि म्हटलं, "जावईबापू, अक्कल तुम्हाला बेताचीच, हे मी लग्नातच ओळखलं होतं. बाप मात्र एक नंबर निघालात. आता ते भोकाड आवरा, लेक ऐकतेय."