कमरेचा पट्टा

वारलूच्या कमरेला काहीही झालेलं नव्हतं. वारलूच्या हिशेबाने हे ठाऊक होतं दोघांनाच, त्याला आणि त्याच्या बायकोला, प्रेमिलाला. बाकी सगळं गाव त्याच्या चामडी पट्ट्याकडे मोठ्या आदराने बघायचं. माणसं वाचवायला खाणीत उतरला आणि कंबर मोडून घेतली, असा त्या पट्ट्याचा लौकिक होता.

झालं होतं ते वेगळंच. वारलू आणि त्याचा जोडीदार नथ्थू, दोघे एकाच गावचे धिवर, पिढीजात मासेमार, भद्रावतीकडच्या एका कोळसा खाणीत बचाव पथकात होते. सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात जुन्या भुयारात साचलेलं पाणी फुटलं आणि चालू भुयारात शिरलं. सात माणसं आत राहिली. पाणी इतकं गढूळ की दिवा लावूनही काही दिसेना. साहेबांनी या दोघांनाच पुढे घातलं, कारण तळ्यात मासे चाचपून धरावेत तशी आता माणसं चाचपायची होती. तीन दिवसांत सातही हाताला लागली. जिवंत एकही नव्हता.

तेव्हापासून वारलूचा हात साचलेल्या पाण्यात जात नव्हता. बादलीत तांब्या बुडवायचा म्हटलं तरी आत कुणाची तरी बोटं लागतील असं वाटायचं आणि दरदरून घाम फुटायचा. रोज सकाळी प्रेमिला दार लोटून घ्यायची आणि त्याच्या हातावर वरून पाणी ओतायची. धिवराचा गडी आणि पाण्याला भितो, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून त्याने बिचाऱ्या कमरेला पुढे केलं. खाणीने त्याला भुयाराबाहेरचं, वरचं हलकं काम दिलं.

नथ्थू पडला सरळ माणूस. त्याने खरं तेच सांगितलं: झोप लागत नाही, भुयाराच्या तोंडाशी पाय थरथरतात, पाणी बघवत नाही. त्याला कामचोर म्हणून घरी बसवलं. कामगार संघटनेच्या गुणवंतरावांनी त्याचा नुकसानभरपाईचा अर्ज लावला, तर चौकशीचे साहेब म्हणाले, मार कुठे लागला, खूण दाखव. आता भेदरलेल्या जिवाची खूण कुठून दाखवायची? मग साहेबांनी वारलूला साक्षीला बोलावलं.

"तूही त्याच पाण्यात होतास ना? तुला असं काही होतं?"

"नाई साहेब," वारलू छाती काढून म्हणाला. "आमी धिवर. पाण्याले काय भ्यायचं?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण झाकायला बसलेल्याला थोडक्यात भागत नाही. समोरच्या बाकावर नथ्थू मान खाली घालून बसला होता. अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं होतं, सोबतच्या कामगारास असा त्रास नाही. त्या दिवसापासून वारलू नथ्थूच्या घरावरची वाट सोडून लांबच्या गल्लीने जाऊ लागला.

नव्याण्णवच्या मे महिन्यात तळं आटत आलं आणि गावाच्या मासेमारीचा दिवस ठरला. जाळी पडण्याआधी पहिला मासा नुसत्या हाताने धरायचा, अशी तिथली रीत. तो मान गावातल्या सर्वांत चांगल्या हाताचा, म्हणजे वारलूचा. गुणवंतरावही स्कूटरवर आले होते. नथ्थूचं अपील सोमवारी होतं आणि कागदावर त्याची सही राहिली होती. नथ्थू लांब तळ्याच्या बांधावर, पाळीवर एकटाच बसला होता आणि पोरं त्याच्याकडे बघून खिदळत होती.

"ये वारलू," मच्छीमार सोसायटीचे म्हातारे झाडूभाऊ म्हणाले.

"कंबर हाय ना, भाऊ."

"वाकू नोको. काठाले बस अन् नुसता हात घाल. मासा लागो न लागो, मान तुहाच."

आता कंबरही कामाला येईना. वारलू काठावर जाऊन बसला. गुडघ्यावरचा हात उठेना. सारं गाव बघत होतं.

तेवढ्यात नथ्थू पाळ उतरून आला. "राहू द्या भाऊ. त्याची कंबर दुखून राह्यली. मी घालतो हात." मग वाकून वारलूच्या कानाशी म्हणाला, "तू चुप बस. मले मालूम हाय. साहेबाच्या कचेरीत तू रांजणाजवळ गेला अन् तसाच तहानलेला वापस आला. तवाच समजलं मले."

समजलं होतं! आणि तरी हा माणूस तोंडातून शब्द न काढता आपला अर्ज बुडू देत बसला होता. वारलूला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"नथ्थू, हात नोको घालू!" गुणवंतराव ओरडले. "सोमवारी साहेब म्हणन, मासे धरते तो पाण्याले भेते कसा? मंग काय सांगू मी?"

नथ्थूचे दात वाजत होते, पण तो काठच्या चिखलात उतरून वाकला. तेव्हा मात्र वारलूला राहवलं नाही. त्याने मागून नथ्थूच्या कमरेला मिठी मारली आणि दोघेही चिखलात आपटले.

तिथेच बसून वारलूने पट्टा सोडला. "कंबर धड हाय माही," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "मीच भेतो पाण्याले. याच्याहून जास्त भेतो. साहेबापुढं खोटं बोललो. याचा अर्ज म्या बुडवला."

गुणवंतराव चिखलाच्या कडेला येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "लिहून देशील? वरचं काम जाईन तुहं."

"आना कागद."

गुणवंतरावांनी कागद लिहून काढला, वारलूची सही तेवढी राहिली. वारलूचे हात कोपरापर्यंत माखले होते. "हात धुऊन घे," म्हणत गुणवंतरावांनी सवयीने तळ्याकडे बोट केलं. पाणी दोन पावलांवर होतं.

वारलूने बायकांच्या घोळक्याकडे मान वळवली. "प्रेमिला, लोटा आन."

ती घरून आणलेल्या पाण्याचा लोटा घेऊन आली. इथे लोटायला दार नव्हतं. वारलूने सगळ्यांसमोर हात पुढे केले आणि ती रोजच्यासारखी वरून हळूहळू धार सोडू लागली. मागे एक पोरगं हसलं. वारलूने ते ऐकलं, पण हात मागे घेतले नाहीत. मग नथ्थू जवळ सरकला आणि त्यानेही आपले चिखलाचे हात त्याच धारेखाली धरले.