कमळचा हात आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी काचनळी आहे. नळी म्हटल्यावर हसू नका! जाड काचेची आहे मी, आणि माझ्यात बरोब्बर बसणारा काचेचा दांडा हा माझा सोबती. मुंबईच्या एका कारागिराने आम्हाला घडवलं. १९६२ साली आम्ही श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा प्रयोगशाळेत आलो.

तिथे चंदर सर सहा आठवड्यांचं शिक्षण देत. पेशीतल्या काही प्रथिनांना फॉस्फेट नावाचा बारीक कण चिकटला की ती कामाला लागतात. तो किती चिकटलाय, हे मोजायला शिकायचं. बोय माशाच्या मांसाचा तुकडा बर्फात गार करून माझ्यात वाटायचा, तोही झटपट. बाकीची मुलं दांडा दाणदाण आपटायची. कमळ मात्र जपून फिरवायची. प्रयोगशाळेला मासे पुरवणाऱ्या भागुबाई कोळणीची ही मुलगी. खोटं कशाला बोलू, मला तिचा लळाच लागला.

पण नेमका तिचाच आकडा चुकायचा! इतरांच्या दुप्पट फॉस्फेट. दोनदा तसं झालं. सर म्हणाले, "कमळ, तुझा हात चुकतोय. उद्या शेवटची संधी. आकडा जुळला नाही, तर प्रमाणपत्र नाही." मुंबईची तिची नोकरी त्या कागदावर अडली होती. माझा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी भागुबाई नेहमीसारखी जिवंत मासे घेऊन आली. हंड्यातला सगळ्यात जास्त उड्या मारणारा बोय तिने पकडला आणि लेकीपुढे धरला. तो आईच्या हातात कितीतरी वेळ तडफडत होता.

"आये, मला रोज असाच देतेस?"

"मंग! माज्या पोरीला काय मेलेला देऊ? सगल्यात ताजा तुलाच."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांना हंड्याच्या तलाशी गप पडलेला."

कमळ धावतच सरांकडे गेली. "सर, मासा झटापट करून दमला, तर फॉस्फेट वाढत असेल का?"

सरांनी तिची वही उघडून दोन्ही आकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "वाढतं! अगं, हे मलाच सुचायला हवं होतं."

भागुबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच पोरीच्या आड आले व्हय?"

मग तिनेच हंड्यावर ओलं फडकं टाकलं आणि मासे शांत होऊ दिले. कमळने त्यातला एक अलगद काढला. मी आणि दांड्याने जीव तोडून काम केलं. आकडा जुळला!

महिन्याभरात कमळ मुंबईला गेली. तिचा आकडा जुळावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि तो जुळला म्हणूनच ती गेली. पुढे दांडाही कुणाच्या तरी हातून फुटला. सात वर्षं झाली, मी या फळीवर एकटी पडून आहे. फार आठवण येते हो तिची.

मित्रांनो, कुणाचा आकडा वेगळा आला, तर लगेच त्याच्या हाताला दोष देऊ नका. आणि एवढं एक करा. माझ्या तळाशी धूळ साचलीय, ती धुऊन टाका. कमळ कधी आलीच, तर तिला मी अशी दिसायला नको.