ॲक्सिडेंटल फॉल

अपघात विभागाच्या टेबलावर मी अकरा वर्षं केसपेपर लिहिते. ‘इजेचं कारण’ हा रकाना इंग्रजीत भरायचा आणि पेशंटला घेऊन येणारा सांगेल तेच लिहायचं, ही इथली रीत. बायकांच्या वतीने नवरेच बोलतात आणि माझ्या सुबक अक्षरात ‘ॲक्सिडेंटल फॉल’ उतरतं. तसं लिहिलं की मलमपट्टी होऊन बाई त्याच नवऱ्याबरोबर घरी. ‘असॉल्ट बाय’ लिहून पुढे मारणाऱ्याचं नाव घातलं तर पोलीस येतात, मग नवऱ्याला तिला नेता येत नाही. हे सगळं ठाऊक असून मी लिहीत आले. आपण बरं, आपलं काम बरं.

मंगळवारी भर दुपारी माझा सख्खा मोठा भाऊ वहिनीला घेऊन आला. तिचा जबडा लोंबत होता, एक डोळा सुजून मिटला होता. गळ्यावर पट्ट्याच्या बकलाचा चौकोनी वळ होता. तिला बोलता येणं शक्यच नव्हतं.

दादाने सांगितलं, जिन्यावरून पडली. मग वाकून हळूच म्हणाला, "लिही नेहमीचं. घरातलं घरात राहू दे."

"जिन्याला बक्कल असतं का रे, दादा?"

माझं इंग्रजी त्यानेच कान पिळून पक्कं केलेलं. शब्द चुकीच्या जागी वापरला की हातावर पट्टी बसायची. मी ‘असॉल्ट बाय’ एवढं लिहिलं आणि त्याने माझा उजवा हात टेबलाच्या उघड्या खणात कोंबून गुडघ्याने खण बंद केला. दोनदा. दुसऱ्यांदा बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी किंचाळले. दोन वॉर्डबॉय पोचेपर्यंत त्याने वहिनीला केसांनी ओढून तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं होतं. दोघांनी त्याला फरशीवर दाबून धरलं. तिथूनही तो बजावत होता की कागदावर अजून कोणाचं नाव नाही, माझी बायको मी नेणार.

खरंच होतं ते. मी पेन डाव्या हातात घेतलं. कागद सरकत होता, अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी उमटत होती. वहिनीने रक्ताळलेला पंजा कागदावर दाबून धरला. ‘हजबंड’ आणि पुढे दादाचं नाव लिहायला मला पाच मिनिटं लागली, तोवर तिने हात काढला नाही.

याआधी दोनदा मीच तिला ‘ॲक्सिडेंटल फॉल’ लिहून त्याच्याबरोबर घरी पाठवलं होतं.