खिळ्याला टांगायची पट्टी

मित्रांनो, मी फळ्यावर रेषा मारायची एक जुनी लाकडी पट्टी आहे. लांबी एक मीटर, वय विचारू नका. आकडे पुसट झाले आहेत, एका टोकाला खिळ्यात अडकवायचे भोक आहे आणि आताशा फार थकायला होते. पण एक गोष्ट मनात डाचते आहे, ती सांगून टाकते.

सुताराने मला घडवले तेव्हा एक डोळा मिटून माझी कड न्याहाळली आणि "सरळ आहे पोर," असे म्हणून पाठीवरून हात फिरवला. तिथून मी विद्यापीठात आले, गणिताच्या सरांच्या हाती. ते लिनिअर प्रोग्रॅमिंग शिकवत. नाव भारदस्त, पण गोष्ट साधी. लाकूड एवढेच आहे, वेळ एवढाच आहे, मग टेबले किती करावीत आणि खुर्च्या किती, म्हणजे नफा सगळ्यांत जास्त होईल? सर फळ्यावर मर्यादांच्या रेषा मारत आणि त्यांच्या मधे एक कोपऱ्यांचे क्षेत्र उरे. मग मला नफ्याच्या रेषेवर तिरकी धरून, जराही न फिरवता, पुढे सरकवत. क्षेत्र सोडताना मी ज्या कोपऱ्याला शेवटी टेके, तो कोपरा म्हणजे उत्तर. "पट्टी खोटं बोलत नाही," असे सर वर्गाला सांगत. मी फुलून जात असे.

शिपाईमामा होते तोवर तास संपला की ते मला खिळ्याला टांगत. ते निवृत्त झाले आणि त्या खिळ्यावर सरांचा कोट आला. मी खिडकीखाली, ओलसर भिंतीला तिरकी टेकून उभी. तीन मोठ्या सुट्ट्या तशाच काढल्या. एक दिवस जाणवले, वाकून माझे पोट पुढे आले आहे. सोपी गणिते तरून जात, पण दोन कोपऱ्यांत थोडाच फरक असला की मी चुकत असे. सांगणार कशी? मला तोंड कुठे आहे!

वर्गात एका सुताराची मुलगी होती. या विषयात दोनदा नापास झालेली. ही तिची शेवटची तोंडी परीक्षा. यातही नापास झाली तर नाव कटणार होते. सरांनी टेबल-खुर्च्यांचेच गणित घातले. शेवटी दोन कोपरे उरले: चार टेबले नि सहा खुर्च्या, किंवा सहा टेबले नि तीन खुर्च्या. तिने मला सरकवले आणि मी चार-सहावर टेकले. सरांच्या कागदावरही माझ्याच जोरावर काढलेले तेच उत्तर होते. तेवढे बोलली असती तर सुटली असती.

"सर, पट्टी चार-सहा म्हणते. पण हिशेबानं सहा-तीनला नफा दोननं जास्त येतोय."

"हात हलला असेल तुझा."

"नाही सर, नाही हलला."

"अगं, बावीस वर्षं याच पट्टीनं शिकवतोय मी. नाचता येईना अंगण वाकडं, असं नको करू."

"मग सर, अंगण एकदा बघू तरी द्या."

तिने फळ्यावर दोन ठिपके काढले आणि मला लावून रेषा मारली. मग मला पालथी करून तीच कड त्याच ठिपक्यांना लावली आणि पुन्हा रेषा मारली. मी सरळ असते तर रेषेवर रेषा बसली असती. मधे करंगळी जाईल एवढी फट होती.

"बाबा प्रत्येक पट्टी अशीच बघतात," ती हळूच म्हणाली.

सर उठले. दोन्ही कोपऱ्यांचा हिशेब त्यांनी स्वतः मांडला आणि सहा-तीनभोवती गोल केला. "किती पोरांचे मार्क मी..." एवढेच म्हणाले. मित्रांनो, आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मुलगी पास झाली. सर मला मोडीत काढायला निघाले, तेव्हा तिनेच अडवले. "राहू द्या सर, बाबा रंधा मारतील." तिच्या बाबांनी मला तासून सरळ केले. दुखले, अंगाने रोडावले, एका बाजूचे आकडेही गेले.

आता दर वर्षी पहिल्या तासाला सर दोन ठिपके काढून मला पालथी करतात. "आधी पट्टी तपासा, मग माझं ऐका," असे सांगतात. पट्टी खोटे बोलत नाही, असे आता म्हणत नाहीत. मला त्याचे वाईट वाटत नाही.

पण आणखी एकदा रंधा मारावा एवढे लाकूड माझ्या अंगात उरलेले नाही. म्हणून एकच मागणे आहे. जाताना मला खिळ्याला टांगा. कोट खुर्चीवर ठेवला तरी चालतो.