कॅडेट आडवी निघाली

सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी गावातल्या पप्पूच्या छोट्या हत्ती टेम्पोच्या हौद्यात दोन गाद्या, एक उशी, एक पांढरी चादर, पाण्याची बाटली, चौदा कागदांची फाईल, माझी वही, सत्यभामामावशी आणि मी इतकं होतं. गाद्यांवर आरोही होती, आडवी. पाय केबिनकडे, डोकं मागच्या फाळक्याकडे. ती आदल्या रात्री साडेनऊपासून आडवीच होती. घरातून गाडीपर्यंत तिला पप्पूने आणि तिच्या वडिलांनी, पंडितकाकांनी, गादीसकट उचलून आणलं होतं.

आरोही माझी मावसबहीण. बारावी झाल्यावर तिने शिरूर कासारच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. तिला सैन्यात अधिकारी व्हायचं आहे. एन.सी.सी.चं सी सर्टिफिकेट असलं की लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीपर्यंत जाता येतं, हे तिने नववीतच शोधून काढलं होतं. आपल्या कॉलेजात एन.सी.सी.च नाही, हे मात्र तिला प्रवेशानंतर तेविसाव्या दिवशी कळलं. गेवराईच्या एका कॉलेजात होती. तिने तिकडे बदली घ्यायचं ठरवलं आणि अकरा दिवसांत चौदा कागद गोळा केले. पंडितकाका आणि मावशी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यामुळे हॉस्टेलला काकांची हरकत नव्हती. अट एकच होती.

"एन.सी.सी. लागली तर ऱ्हा तिकडं. न्हाई लागली तर गपगुमान शिरूरला माघारी. पुन्हा कॉलेज बदलायचं नाव काढायचं न्हाई."

गेवराईच्या एन.सी.सी. निवडीच्या नोटिशीत लिहिलं होतं: मुलींची किमान उंची १५२ सेंटिमीटर. ज्या संध्याकाळी मी आरोहीला पहिल्यांदा मोजलं, तेव्हा ती १५१.१ भरली.

मोजायला मावशीची शिवणकामाची टेप होती. दाराच्या चौकटीला चुका मारून ती ताणून लावली. टेप दीडशेला संपते, म्हणून वरचा भाग मी कंपासपेटीतल्या पट्टीने मोजला. गावातल्या बायका मापाचे आकडे तोंडी सांगतात आणि मावशी बावीस वर्षं याच टेपवर कापड मोजून त्यांचे ब्लाउज शिवते. ते जरा ढगळ होतात, पण बायका तक्रार करत नाहीत. "सत्यभामा वाढत्या अंगाचं शिवती," म्हणतात.

माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी बुटका, हे मला माहीत होतं. दिवसभराच्या वजनाने मणक्यांमधल्या चकत्या दबतात, झोपल्यावर पुन्हा फुगतात. मी आरोहीला नऊ दिवस, दिवसातून सात वेळा मोजलं आणि आलेख काढला. उठल्याउठल्या ती १५२.६ असायची. साधारण अर्ध्या तासाने १५२ च्या खाली यायची. म्हणजे तिला अंथरुणातून थेट एन.सी.सी.च्या हवालदारांच्या पट्टीखाली उभं करणं गरजेचं होतं. अंथरूण शिरूर कासारला होतं आणि पट्टी गेवराईला. म्हणून छोटा हत्ती.

"ही लबाडी हाय का गं, वैष्णवीताई?" आरोहीने विचारलं होतं.

"नाही. उंची तुझीच आहे. आपण फक्त वेळ निवडतोय."

तरीही मी सगळ्यांना बजावलं, की वाटेत कुणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही. पप्पूला सांगितलं, गाडी थांबवायची नाही आणि खड्डे चुकवायचे. पहिली सूचना त्याला पाळता आली.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी चकलांब्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. धूळ इतकी, की आरोहीने चादर तोंडावरून घेतली. मावशीच्या डोळ्यांत धूळ गेली आणि ती पदराने डोळे टिपू लागली. माझ्याही डोळ्यांत गेली होती. पप्पूने धुळीत दिसावं म्हणून चारही इंडिकेटर लावले आणि पुढे ते बंद करायचे विसरला.

असे आम्ही चकलांब्याच्या स्टँडवरच्या गतिरोधकावरून हळूहळू गेलो. बाजूच्या हॉटेलात अर्जुनराव चहा पीत होते.

अर्जुनराव मावशीचे चुलतभाऊ. त्यांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं आहे, म्हणून ते तीन तालुक्यांतली एकही माती चुकवत नाहीत. ओळख असो नसो, कुणाच्याही अंत्ययात्रेत ते पांढऱ्या कपड्यात, पहिल्या रांगेत असतात. त्यांनी चादर बघितली, मावशीला बघितलं, आणि कप खाली ठेवला.

"सत्यभामा, कोन गेलं गं?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली. मावशीने तोंडाला पदर लावला.

अर्जुनरावांनी मग हौद्यात कोण कोण आहे आणि कोण नाही हे, आणि चादरीबाहेर आलेली वेणी बघितली असावी, कारण त्यांचं उत्तर बरोबर आलं. "आरोही. अरारारा. परवाच तर दाखला काढायला गेलती पोरगी."

ते मोटरसायकलवर आमच्या मागे निघाले. पुढच्या फाट्यावर मागे तीन मोटरसायकली होत्या. त्यानंतर मी दर वीस मिनिटांनी मोजत गेले: सहा, नऊ, नऊ, चौदा. समोरून येणारे लोक टोप्या काढत होते. एका ट्रॅक्टरवाल्याने गाणं बंद केलं.

"ताई, मागं कशाचा आवाज येतोय?" चादरीखालून आरोहीने विचारलं.

"काही नाही. बोलू नकोस. हसू तर अजिबात नकोस."

"हसल्यानं उंची कमी व्हती?"

याची माहिती माझ्याकडे नव्हती, म्हणून मी तो प्रश्न वहीत लिहून ठेवला.

आठ वाजून बारा मिनिटांनी आम्ही कॉलेजात पोचलो. वॉचमनने फाटक सताड उघडलं आणि हात जोडले. मैदानावर मुलींची रांग होती, भिंतीला उंची मोजायची लाकडी पट्टी होती, आणि तिच्याशेजारी एक हवालदार आणि एन.सी.सी.च्या दिपाली मॅडम उभ्या होत्या. पप्पूने गाडी पट्टीपासून चार मीटरवर उभी केली. मी फाळका पाडला.

"ताई, उठू का?" आरोहीने चादरीतून विचारलं.

अर्जुनरावांच्या हातातला हार खाली पडला. तो त्यांनी गेवराईत शिरता शिरता घेतला होता.

"हे काय बे पप्प्या?" ते म्हणाले.

"एन.सी.सी. हाय, मामा," पप्पू म्हणाला.

"आरं, मग सांगायचं न्हाई का? म्या फोटोसकट टाकलंय मोबाईलवर. भावपूर्ण श्रद्धांजली. चारशे बारा जनांनी बघितलंय. आता कशापायी उठती ती?"

त्या चारशे बारांमध्ये शिरूरच्या कॉलेजचे एक कारकून होते. त्यांनी ते गेवराईच्या कारकुनांना, युवराजभाऊंना, पाठवलं होतं. युवराजभाऊ कामाला चोख. त्यांनी आठ वाजताच यादीत आरोहीच्या नावावर रेघ मारून शेऱ्याच्या रकान्यात "मयत" असं लिहिलं होतं आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला फोन केला होता.

"आधी ऑफिसातून नाव दुरुस्त करून आण," दिपाली मॅडम म्हणाल्या. "यादीत नसलेली मुलगी मला मोजता येत नाही."

"मॅडम, तिला झोपूनच नेलं तर चालेल का?" मी विचारलं.

"चालत ने," त्या म्हणाल्या.

आठ वाजून सतरा मिनिटांनी आरोही उभी राहिली. मी वहीत वेळ लिहिली.

युवराजभाऊंनी तिला खिडकीतून बघितलं. मग मोबाईलवरचा फोटो बघितला. मग पुन्हा तिला.

"दिसताय तुम्ही तीच," ते म्हणाले. "पण रेघ मारलेलं नाव नुसत्या दिसण्यावर उघडता येत नाही. हयातीचा दाखला लागेल."

"तो पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना लागतोय ना?" मावशी म्हणाली.

"नियम सगळ्यांना सारखा. कुणा प्रतिष्ठित माणसाचं लेटरपॅड आणा."

आरोहीने चौदा कागदांची फाईल छातीशी धरली होती. "ताई, किती राहिले गं?"

"वीस मिनिटं. भिंतीला टेकून उभी राहा. वजन टाक."

लेटरपॅड अर्जुनरावांकडे होतं. ते नेहमीच असतं, शिक्क्यासकट. पण ते बाहेर चौदा मोटरसायकलवाल्यांना चहा सांगत होते, कारण इतक्या लांबून मातीला आलेल्या माणसांना तसंच परत पाठवणं त्यांना बरं वाटेना. त्यांना शोधून आणण्यात अकरा मिनिटं गेली. आल्यावर ते खुर्चीत बसले आणि आरोहीकडे बघत राहिले. मामाच्या पाया पडायचे असतात, हे तिच्या लक्षात आलं. पाया पडायला वाकल्यावर मणक्यांचं काय होतं, हे माझ्या लक्षात आलं. मी हात करेपर्यंत ती वाकली होती.

"औक्षवंत व्हय," अर्जुनराव म्हणाले आणि लिहायला लागले. "सदर मुलगी माझ्या समक्ष, माझ्या माहितीप्रमाणे हयात असून, तिच्याविषयी पूर्वी प्रसृत झालेला मजकूर... पूर्वीचा मजकूर मागं घेतो असं लिव्हू का? बातमी मागं घेतली की नाव जातं पुढाऱ्याचं."

"मामा, लिवा ना काहीबी," आरोही म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आता धूळ नव्हती.

अर्जुनरावांनी पेन थांबवलं. मग त्यांनी "मागे घेत आहे" असं पूर्ण लिहिलं, सही केली आणि शिक्का दोनदा मारला. युवराजभाऊंनी "मयत" खोडून "हयात" लिहिलं.

आम्ही मैदानावर धावत गेलो नाही. चालत गेलो, टाचा न आपटता. पट्टीपाशी पोचलो तेव्हा आठ वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती. माझ्या आलेखाप्रमाणे आठ पंचावन्नला आरोहीची उंची १५१.९ यायला हवी होती. मी ते तिला सांगितलं नाही. तिने चपला काढल्या, टाचा भिंतीला लावल्या आणि डोळे मिटले. प्रतीक्षा यादीतली मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. हवालदारांनी लाकडाची सरकती फळी आरोहीच्या डोक्यावर टेकवली, वाकून आकडा बघितला.

"एकशे पंचावन्न. पुढची."

आरोहीने डोळे उघडले. "किती?"

"एकशे पंचावन्न. बधिर आहेस का? पळायच्या रांगेत जा."

ती गेली. त्या दिवशी घेतलेल्या बावीस मुलींमध्ये तिचा नंबर सहावा आला. अर्जुनरावांनी हार वाया जाऊ दिला नाही. तिच्या गळ्यात घातला आणि स्वतःसकट फोटो काढून मोबाईलवर टाकला.

मी पुन्हा पट्टीपाशी गेले. मला आधी ती पट्टी तपासायची होती. हवालदारांकडे पोलादी टेप होती, ती मी पाच मिनिटांसाठी मागून घेतली. लाकडी पट्टी बरोबर होती. मग पिशवीतून मावशीची टेप काढली, चौकटीवर लावली होती तेवढीच ताणून पोलादी टेपच्या शेजारी धरली आणि तीन वेळा मोजलं. मावशीच्या टेपवरचं शून्य ते दीडशे हे अंतर तिन्ही वेळा १५३.१ सेंटिमीटर भरलं. मी वहीत त्या पहिल्या संध्याकाळची आरोहीची उंची दुरुस्त केली: १५४.२.